हेतूंची वही आणि वालाचे बिरडे

आमच्या गुरुनिवासाच्या स्वयंपाकघरात खिडकीलगत एक लाकडी फळी आहे. तिच्यावर तीन वह्या एकमेकींना टेकून उभ्या असतात. पहिली मिस्साबलिदानाच्या हेतूंची, दुसरी चित्रांची आणि तिसरी स्वयंपाकाची. पहिलीवर अधूनमधून हळदीचा डाग पडतो, तिसरीवर हिरव्या रंगाचा शिंतोडा उडतो आणि दुसरीला फोडणीचा वास येतो. धर्मग्रामातील एक ज्येष्ठ गृहस्थ आम्हांस एकदा म्हणाले, "फादर, हेतूंच्या वहीची जागा कार्यालयात, चित्रांच्या वहीची कपाटात, आणि तिसऱ्या वहीची तर तुम्हांला गरजच नाही." त्यांचे म्हणणे शिस्तीला धरून होते. तरीही या वह्या एका फळीवर येण्यास कारण घडले आहे, आणि ते कारण म्हणजे आमच्या हातून झालेली एक चूक. ती सांगावी की नाही, यावर आम्ही बरेच दिवस विचार केला. परंतु कुटुंबभेटींच्या वेळी एकच प्रश्न निरनिराळ्या तोंडांतून वारंवार ऐकू येतो, म्हणून आज लिहावयास बसलो आहोत.

प्रश्न असा असतो. आई म्हणते, "सकाळी डबे, दुपारी शिवण, संध्याकाळी मुलांचा अभ्यास, जपमाळेला बसले की डोळा लागतो." वडील म्हणतात, "कर्जतहून मुंबईस जाऊन-येऊन चार तास लोकलमध्ये जातात. एके काळी व्हायोलिन वाजवीत होतो, आता पेटीला बुरशी आली." मुलगी म्हणते, "फादर, मी गायनवृंदात येऊ की क्लासला जाऊ?" आणि शेवटी सारे मिळून विचारतात, "फादर, हे सगळे बसवायचे कसे?" आम्ही धर्मगुरू असल्याने आमच्यापाशी तयार उत्तर असेल, अशी त्यांची समजूत असते. वाचकहो, उत्तर तयार नव्हते. त्याची सुरुवात आमच्या स्वयंपाकघरात झाली, तीही मोठ्या नाइलाजाने.

आमचे बालपण समुद्रकाठी गेले. मासळीवाचून जेवण म्हणजे आमच्या घरी आजारपण समजत. सणावाराला विंदालू, लग्नकार्याला त्याहून अधिक, आणि उपवासकाळात सुक्या बोंबलाची चटणी. पुढे गुरुविद्यालयातही ताटात जे पडले ते निमूटपणे खाल्ले. पन्नाशी उलटली आणि रक्तदाबाने व कोलेस्टेरॉलने आमची विचारपूस सुरू केली. डॉक्टरांनी मांस, तळण व खारवलेले पदार्थ यांवर एकदमच काट मारली. "कर्जत स्टेशनचा बटाटावडा तर शाकाहारीच आहे ना?" असा युक्तिवाद आम्ही करून पाहिला. डॉक्टर हसले, पण काट पुसली नाही.

१७ फेब्रुवारी २०२१ रोजी राखेचा बुधवार होता. कपाळी राख लावून घेताना आम्ही ठरविले की, चाळीस दिवस वनस्पतीजन्य आहार घ्यावयाचा. पुढचे पुढे पाहू. त्याच सुमारास आमच्याकडे स्वयंपाक करणाऱ्या मावशी गुडघेदुखीमुळे आपल्या लेकीकडे राहावयास गेल्या. तेव्हा पळी आमच्याच हाती आली. ईस्टरचा सण उलटून गेला तरी ती खाली ठेवावी असे वाटेना, आणि चाळीस दिवसांचा संकल्प बघता बघता रोजचा झाला.

या ठिकाणी एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. मांसाहारात पाप आहे, असे आम्ही म्हणत नाही. १९८३ सालच्या धर्मविधिसंहितेचे १२५१ वे कलम शुक्रवारच्या मांसवर्जनाविषयी सांगते, आणि १२५३ वे कलम त्याऐवजी दयाकार्य वा भक्तिकार्य सुचविण्याची मुभा धर्माध्यक्षांच्या परिषदेस देते. यापलीकडे ख्रिस्तसभेने कोणाच्या ताटात हात घातलेला नाही. दानिएल आणि त्याचे सोबती राजाच्या पक्वान्नांऐवजी दहा दिवस भाजी व पाणी यांवर राहिले आणि इतरांहून तेजस्वी दिसले, ही कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात भाजी खाणाऱ्यास आणि सर्व काही खाणाऱ्यास सारखेच बजावले आहे: कोणी कोणास तुच्छ लेखू नये. आमचे भाजीचे ताट हे प्रथम औषध होते. त्यात भक्ती मागाहून उतरली.

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत राहून भाजी खाणे ही शिक्षा नव्हे, हे मात्र आम्ही येथेच शिकलो. माथेरानच्या उतारावरून आणि भीमाशंकरच्या बाजूच्या डोंगरांतून ठाकूर व कातकरी भगिनी पावसाळ्यात भाज्यांच्या पाट्या घेऊन खाली उतरतात. पहिल्या सरींबरोबर शेवळे येतात. मागोमाग टाकळा, फोडशी, कुर्डू, भारंगी. मग वेलींवरची काटेरी कंटोळी. पाऊस सरला की भाताच्या कापणीनंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर कडवे वाल पेरतात, आणि थंडीत त्याच वालाच्या शेंगा भांबुर्डीच्या पाल्यासह मडक्यात भरून, मडके उपडे घालून, भोवती जाळ करून पोपटी लावतात. भिवपुरीच्या वीजघरातून सुटणारे पाणी पेज नदीस उन्हाळ्यातही वाहते ठेवते, म्हणून तिच्या काठी चैत्रातही हिरवे दिसते. डोंगरउतारावर नाचणी आणि वरी. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते, हे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा लहानपणी नाक मुरडून दूर सारलेली आंबील आम्हांस आठवली. भातात ज्या प्रथिनघटकाची उणीव असते तो वाल-तुरीत मिळतो, आणि त्यांच्यात जो कमी असतो तो भात देतो, म्हणून वरणभात हा नुसता गरिबाचा घास नसून शहाण्याचा घास आहे, हेही त्यांनीच सांगितले. केवळ ब-१२ जीवनसत्त्व वनस्पतींत मिळत नाही. त्यासाठी दूध, नाहीतर गोळी घ्यावी लागते. अनुकरण करू इच्छिणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

अर्थात हे ज्ञान सुखासुखी झाले नाही. पहिल्याच पावसाळ्यात आम्ही स्टेशनबाहेर बसणाऱ्या एका ठाकूर आजींकडून शेवळ्यांच्या दोन जुड्या घेतल्या. आजी म्हणाल्या, "फादर, शेवळं नेतोस तर काकडं पण ने." आम्हांस वाटले, आजी आपला आणखी माल खपवीत आहेत. आम्ही नुसती शेवळे आणली, चिरली, परतली आणि खाल्ली. घशात जणू कोणी सुया पेरल्या. शेवळ्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. आतील खाजरा भाग काढून टाकून, काकडाची आंबट फळे किंवा चिंच घालून शिजविल्यावाचून ती खाण्याजोगी होत नाहीत. दुसऱ्या दिवशी रविवार होता. आमचे प्रवचन सहा मिनिटांत आटोपले आणि ते सर्वांस आवडले. पुढील शनिवारी आजींना झालेला प्रकार सांगितला तेव्हा त्या पोट धरून हसल्या आणि मूठभर काकडे फुकट देऊन म्हणाल्या, "तुला सांगितलं होतं ना?"

आता दुसऱ्या वहीविषयी. गुरुविद्यालयात असताना नाटकांचे पडदे रंगविण्याचे काम आमच्याकडे असे. नाताळच्या नाटकात बेथलेहेमच्या पडद्यावर आम्ही नारळाची झाडे काढली होती, म्हणून आमची थट्टाही झाली. पुढे धर्मग्रामांची जबाबदारी आली आणि कुंचला वाळून गेला. कर्जतला आल्यावर या रानभाज्यांनी तो पुन्हा ओला केला. टाकळ्याची पाने सूर्यास्तानंतर जोडीजोडीने मिटतात. कुर्डूच्या कोवळ्या तुऱ्यात गुलाबी आणि पांढरा एकमेकांत कसा विरतो, ते रंगांत उतरविणे सोपे नाही. आम्ही भाजी आणली की आधी तिचे चित्र काढू लागलो. चित्र पुरे होईतो भाजी कोमेजत असे, आणि भाजी ताजी असताना शिजवावी तर चित्र अपुरे राही. रात्री नऊ वाजता सुकलेला टाकळा परतून खाताना आम्हांस आमचेच हसू येई. ते हसण्यावारी नेले, हीच चूक ठरली.

२०२२ सालच्या पावसाळ्यात आम्ही एक मोठा बेत आखला. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आपल्याकडे आगेऱ्याचा सण होतो. नव्या भाताच्या लोंब्या वेदीपाशी आणून आपण देवाचे आभार मानतो. त्या दिवशी सभागृहात रानभाज्यांची बारा मोठी चित्रे लावावयाची, प्रत्येकीखाली नाव आणि कृती लिहावयाची, असे ठरविले. हेतू चांगलाच होता. मुलांना आपल्या डोंगरांतील अन्नाची ओळख व्हावी. परंतु जुलै सरता सरता आमची सायंप्रार्थना घाईने होऊ लागली, कुटुंबभेटी पुढे ढकलल्या जाऊ लागल्या, आणि दार वाजले की कपाळावर आठी उमटू लागली.

ऑगस्टमधील एका बुधवारी संध्याकाळी दार वाजले. आम्ही कंटोळीचा वेल रंगवीत होतो. ओल्या रंगावर दुसरा रंग सोडण्याचा नेमका क्षण होता. दारात खालापूर तालुक्यातील एका वाडीतून आलेल्या विधवा भगिनी उभ्या होत्या. त्यांचे पती खोपोलीच्या एका कारखान्यात कामाला होते. वर्षापूर्वी अल्प आजाराने गेले. "फादर, येत्या रविवारी ह्यांना वर्ष होतंय. सकाळच्या मिस्सेत नाव घ्याल?" त्यांनी पाकीट पुढे केले. आम्ही कुंचला हातातच धरून म्हणालो, "अवश्य." त्यांनी आमच्या खांद्यावरून आत पाहिले आणि विचारले, "वहीत लिहून घेता ना?" आम्ही म्हणालो, "लक्षात राहील, काळजी करू नका." त्या शेवटची गाडी गाठावयाची म्हणून लगबगीने गेल्या. पाकीट आम्ही रंगांच्या डबीखाली ठेवले.

रविवार उजाडला. कर्जत-खोपोली मार्गावर गाड्या मोजक्याच आहेत. त्या भगिनी दोन मुलांना घेऊन पहाटेच्या गाडीने आल्या होत्या, हे आम्हांस मागाहून कळले. मिस्सेच्या प्रारंभी आम्ही वहीतून हेतू वाचले: एक आजारी, एक वाढदिवस, दोन मृतात्मे. वहीत जे नव्हते ते वाचले गेले नाही. मिस्सेनंतर आम्ही दारापाशी लोकांना निरोप देत उभे होतो. गर्दीतून एका लहान मुलाचा आवाज आला, "आई, पप्पांचं नाव फादरनी का नाही घेतलं?"

तो आवाज अजूनही आमच्या कानांत आहे. आम्ही वळलो. त्या भगिनींनी मुलाचा हात दाबून त्याला गप्प केले. त्या जवळ आल्या, पिशवीतून एक डबा काढला आणि म्हणाल्या, "फादर, तुमच्यासाठी बिरडं आणलंय. शुक्रवारी रात्री वाल भिजत घातले होते. ह्यांना फार आवडायचं." बस, एवढेच. क्षमा मागावयास आम्हांस शब्द सापडेतोवर त्या स्टेशनच्या वाटेला लागल्या होत्या.

वालाचे बिरडे ज्यांनी केले आहे त्यांना त्या एका वाक्याचा अर्थ कळेल. कडवे वाल रात्रभर पाण्यात भिजवावे लागतात. सकाळी उपसून फडक्यात बांधून ठेवावे लागतात, तेव्हा कोठे दुसऱ्या दिवशी त्यांना मोड येतात. मग ते कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा बोटांनी सोलावयाचा. दाणा जोराने दाबला तर डाळिंबी फुटते, हळू दाबला तर साल सुटत नाही. तेवढे झाले की हिंग-हळदीची फोडणी, ओले खोबरे, आमसूल, गूळ, कोथिंबीर. त्यास अर्धा तास पुरे. कोंबडी ऐन वेळी आणून तासाभरात शिजविता येते; पण बिरडे करावयाचे ठरवावे लागते, आणि तेही दोन रात्री आधी. आम्ही बुधवारी ऐकलेले नाव रविवारपर्यंत ध्यानात ठेवले नाही. त्या माउलीने शुक्रवारी रात्री पाण्यात वाल घालताना ते नाव घेतले असेल, शनिवारी फडके बांधताना घेतले असेल, आणि पहाटे अंधारात एकेक दाणा सोलताना तर किती वेळा घेतले असेल. त्या दिवशी खरे मिस्साबलिदान कोणाच्या स्वयंपाकघरात झाले, असा धर्मशास्त्रास न शोभणारा विचार आमच्या मनात येऊन गेला. डबा उघडला, घास तोंडाशी नेववेना.

संध्याकाळच्या गाडीने आम्ही खोपोलीकडे निघालो. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी. एकेक स्टेशन पावसात भिजत मागे पडत होते आणि काय बोलावे याची जुळवाजुळव आम्ही करीत होतो. त्यांच्या घरी पोहोचल्यावर ती सारी विसरलो आणि सरळ सांगितले, "चूक आमची आहे. चित्र काढीत होतो. नाव लिहून घेतले नाही." त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "माणूस विसरतो, फादर. मी नाही रागावले. पण धाकटा शेवटपर्यंत नाव येईल म्हणून कान लावून होता, त्याचं वाईट वाटलं." आम्ही विचारले, पुढील रविवारी नाव वाचू काय? त्या म्हणाल्या, "उद्या सकाळीच वाचा. आम्हांला यायला जमणार नाही, पोरांची शाळा आहे. पण तुम्ही वाचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी वेदीसमोर तीन वृद्ध स्त्रिया आणि एक मांजर एवढीच मंडळी होती. आम्ही ते नाव वाचले. ते ज्यांच्यासाठी वाचावयाचे ते ऐकावयास नव्हते, आणि ज्या तिघींनी ऐकले त्यांना ते ठाऊक नव्हते. तीस वर्षांच्या सेवेत हेतू म्हणजे काय, हे आम्ही पुष्कळांना शिकविले होते. ते आम्हांस त्या सकाळी नव्याने कळले.

हेतू हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. एक, 'मी अमुक करीन' हा मनाशी केलेला संकल्प. दुसरा, 'हे अमक्यासाठी' असे म्हणून केलेले अर्पण. नववर्षाच्या दिवशी आपण पहिल्या प्रकारचे हेतू भाराभर करतो, आणि ते फेब्रुवारीपर्यंत टिकत नाहीत, कारण त्यांत दुसरा प्रकार नसतो. आमच्या बारा चित्रांचेही असेच झाले होते. मुलांसाठी म्हणून आरंभिलेले काम हळूहळू आमच्यासाठी झाले होते, आणि त्याची खूण एकच होती: दार वाजले की आठी पडत होती.

संत बेनेडिक्टने सहाव्या शतकात माँते कासीनो येथे आपल्या मठवासीयांसाठी ७३ अध्यायांची नियमावली लिहिली. गुरुविद्यालयात ती परीक्षेपुरती वाचली होती. त्या आठवड्यात पुन्हा काढली. त्याने एकोणचाळिसाव्या अध्यायात जेवणाला दोन शिजविलेले पदार्थ नेमले आहेत. एक ज्याला चालत नाही त्याने दुसरा खावा, ही त्यामागील कळकळ. चतुष्पादांचे मांस त्याने वर्ज्य केले, मात्र अशक्त आजाऱ्यांना सूट दिली. अठ्ठेचाळिसाव्या अध्यायात कष्टाचे तास आणि वाचनाचे तास ऋतूप्रमाणे बदलून दिले आहेत. आणि सत्तावन्नावा अध्याय कारागिरांचा आहे. मठात कोणी कलावंत असेल तर त्याने नम्रतेने आपली कला चालवावी. परंतु कलेचा त्याला ताठा चढला, तर तो नम्र होईतो त्याला त्या कामापासून दूर ठेवावे. हा अध्याय वाचताना आम्हांस कोणी नाव घेऊन हाक मारल्यासारखे झाले.

आम्ही स्वतःला चाळीस दिवस रंगांपासून दूर ठेवले. कुंचले धुऊन, कापडात गुंडाळून साक्रिस्तीच्या कपाटात ठेविले. पहिला आठवडा मोठ्या धार्मिक समाधानात गेला. तिसऱ्या आठवड्यात आमच्या ध्यानात आले की, वेळ मोकळा झाला तरी आमचे मन मोकळे झालेले नाही. भाजी बेचव होऊ लागली, लेखनिकावर आम्ही विनाकारण दोनदा ओरडलो, प्रवचने लांबली. स्टेशनबाहेरच्या आजींनी विचारले, "फादर, हल्ली पान उलटून बघत नाहीस?" तेव्हा कळले की, चित्र काढण्यामुळे आम्ही वस्तूंकडे आणि माणसांकडेही थांबून पाहत होतो. छंद सोडून देणे हा तोल नव्हे. ताटातले मीठ अधिक झाले म्हणून कोणी जन्मभर अळणी जेवत नाही.

चाळीस दिवस संपल्यावर आम्ही तिन्ही वह्या एका फळीवर आणल्या. धर्मविधिसंहितेचे ९५८ वे कलम सांगते की, प्रमुख धर्मगुरूने मिस्साबलिदानांची संख्या, हेतू, दक्षिणा आणि अर्पण झाल्याची नोंद एका स्वतंत्र वहीत ठेवावी. ती वही स्वयंपाकघरात ठेवू नये, असे कलमात कोठे म्हटलेले नाही. आता रात्री झोपण्यापूर्वी आम्ही दुसऱ्या दिवशीचे कडधान्य भिजत घालतो, आणि ते पाण्यात पडताच हेतूंची वही उघडून उद्याचे नाव वाचतो. दोन्ही कामे मिळून पाच मिनिटे लागतात. उद्याचा स्वयंपाक आणि उद्याची प्रार्थना, दोन्ही रात्रीच पाण्यात पडतात. चित्राला भात शिजेपर्यंतचा वेळ आहे. भाताचे पाणी आटले की कुंचला खाली, मग पान अर्धे हिरवे राहिले तरी चालेल. दार वाजले तर कुंचला त्याहीपूर्वी खाली, आणि नाव सांगणाऱ्याच्या देखत ते वहीत. त्या वर्षी आगेऱ्याला बाराऐवजी नऊ चित्रे लागली. तीन जागा रिकाम्या दिसत होत्या, आणि त्यांविषयी मुलांनीच सर्वांत जास्त प्रश्न विचारले.

ही रीत आमची नव्हे, जुनीच आहे. १८४४ साली फ्रान्समधील व्हाल्स येथे काही तरुण जेज्वीट विद्यार्थी दूरदेशी मिशनकार्याला जाण्यासाठी इतके उतावीळ झाले होते की, अभ्यासात त्यांचे मन लागेना. संत फ्रान्सिस झेवियरच्या सणाच्या दिवशी, ३ डिसेंबरला, त्यांचे गुरू फादर गोत्रले यांनी त्यांना समजाविले की, आजचा अभ्यास, आजची कामे, आजची दुखणी ही त्या दूरच्या माणसांसाठी अर्पण करा. हेच तुमचे आजचे मिशनकार्य. त्यातून प्रार्थना-प्रेषितकार्याची चळवळ जन्मली आणि प्रभातार्पणाची प्रार्थना घराघरांत पोहोचली. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेल मठातील ब्रदर लॉरेन्स यांना स्वयंपाकाचा स्वभावतःच तिटकारा होता. तरीही त्याच स्वयंपाकघरात त्यांनी वर्षानुवर्षे ईश्वराच्या सहवासाचा सराव केला. त्यांना आवडीचे काम मिळाले नाही. मिळाले त्या कामाला त्यांनी धनी नेमला.

आम्हांस मात्र आणखी एक धडा बाकी होता. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडीवर दरड कोसळली आणि ठाकूर समाजाच्या वस्तीतील अनेक घरे ढिगाऱ्याखाली गेली. त्या रविवारी वहीत काय लिहावे, हे आम्हांस सुचेना. शेवटी लिहिले, 'इर्शाळवाडीतील सर्वांसाठी'. लिहिताना हात अडखळला. त्या आणि तशा डोंगरांतून खाली आलेली भाजी आम्ही किती पावसाळे खाल्ली होती, तिच्या देठांची, शिरांची, केसाळ पानांची चित्रे काढली होती. आणि ती खुडणाऱ्या एकाही हाताचे नाव आम्हांस ठाऊक नव्हते. पुढील शनिवारी स्टेशनबाहेर आमच्या ओळखीच्या आजी दिसल्या, तेव्हा जिवात जीव आला. त्यांची वाडी वेगळी होती. आम्ही प्रथमच त्यांचे नाव विचारले. त्या लाजल्या आणि म्हणाल्या, "आता ह्या वयात नाव कशाला?" पण सांगितले. ते येथे लिहीत नाही. ते वहीत आहे. त्या दिवसापासून त्यांच्याशी घासाघीस करणे आम्ही बंद केले आहे. घरच्यांसाठी रांधताना कोणाच्या श्रमावर रांधतो आहोत, हेही हेतूतच मोडते.

तेव्हा आमच्या धर्मग्रामातील मातापित्यांनो, तुमच्या प्रश्नाला आमचे उत्तर एवढेच. दिवसाचे समान तुकडे पाडू नका. ते कोणालाच साधलेले नाही. सकाळी डबा भरताना तो कोणाचा आहे, त्याचे नाव मनात घ्या. व्हायोलिनची बुरशी पुसा आणि आठवड्यातून अर्धा तास वाजवा; पण घरात कोणासाठी तरी वाजवा, मग ते पाळण्यातले नातवंड का असेना. जपमाळेला डोळा लागत असेल तर वाल सोलता सोलता म्हणा. बोटे कामात असली की झोप येत नाही, हा अनुभव आहे. गायनवृंद की क्लास, हे मुलीला ठरवू द्या. मात्र ती ज्यासाठी जाते ते नाव तिला विचारा. आणि दार वाजले की कपाळाकडे लक्ष ठेवा. आठी पडली तर समजावे, काही तरी उतू चालले आहे.

आम्हांस हे पूर्ण साधले आहे, असे कोणी समजू नये. मागच्याच आठवड्यात भात दोनदा करपला. तेव्हा आम्ही कुर्डूच्या तुऱ्यात गुंतलो होतो. परंतु हेतूंच्या वहीतील एकही नाव त्यानंतर राहून गेलेले नाही. त्या भगिनींचा धाकटा मुलगा आता वेदीसेवक आहे. रविवारी पहाटेच्या गाडीने आला की साक्रिस्तीत शिरताच तो आधी वही उघडतो आणि त्या दिवसाची नावे बोट ठेवून वाचतो. आम्ही त्याला कधी तसे सांगितलेले नाही, आणि कधी अडविलेही नाही.

उद्या त्याच्या वडिलांचा स्मृतिदिन. नाव लिहिले आहे, वालांना मोड आले आहेत. आता सोलावयास बसतो.